टीसीएल दुप्पट टाकली तर किती तास वाढतात?

साशंक : सर, बारावीच्या पुस्तकातला तो तक्ता मी विसरलेले नाही. एका पदार्थाची संहती दुप्पट केली, वेग दुप्पट झाला; म्हणून त्या पदार्थापुरती ऑर्डर एक. दुसऱ्याची दुप्पट केली, वेग चौपट झाला, म्हणून दोन. बेरीज तीन. तेव्हाच मला वाटायचं, की उत्तर आधी ठरवून आकडे मागून लिहिले आहेत. आता सेमाडोह आणि आसपासच्या गावांत पाणी तपासणीचं काम करते, तर ती शंका आणखी पक्की झाली आहे. इथे जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. अर्ध्या-एक तासानं नळाचं पाणी छोट्या नळीत घेतो, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो. पिवळा रंग येतो आणि तो छापील छटांशी जुळवायचा असतो. याला आम्ही ओटी टेस्ट म्हणतो. छटा मोजक्याच. ०.२ आणि ०.५ यांच्या मधला रंग आला, की एक जण ०.३ म्हणतो, दुसरा ०.४. ढगाळ दिवशी तर दोघंही चुकतात. अशा आकड्यांचे लॉग काढायचे, आलेखावर रेघ ओढायची आणि सांगायचं, की क्लोरीन फर्स्ट ऑर्डरनं कमी होतो. मला हे मान्य नाही. पाणी त्याच्या मनानं वागतं, ऑर्डर आपण त्याच्यावर लादतो.

आग्रही : ताई, पुस्तकातले आकडे शिकवण्यासाठी रचलेले असतात, हे मला कबूल आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मिथिल ॲसिटेटचं जलापघटन करताना मुलांना असा गुळगुळीत तक्ता कधी मिळत नाही. पण तुमची तक्रार मोजपट्टीबद्दल आहे. मोजपट्टी भरड आहे, म्हणून मोजायची गोष्टच नाही असं ठरत नाही. मी तुम्हाला जलसुरक्षकाच्याच तोंडचा प्रश्न विचारतो : आज टीसीएल दुप्पट टाकली, तर पाणी आणखी किती तास सुरक्षित राहील?

समजा, हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर टाकली. पावडर जुनी आहे, तिच्यात उपयोगी क्लोरीन २० टक्केच उरलाय. म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन पडला. ताजी असती, ३३ टक्क्यांची, तर १.६५ पडला असता; ते तूर्त बाजूला ठेवू. आता समजा, दोन तासांनी मोजलं तर बरोबर निम्मा, म्हणजे ०.५ उरला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाला किमान ०.२ हवा. तो ०.२ वर कधी येईल? झीरो ऑर्डर असेल, म्हणजे कितीही क्लोरीन असला तरी तासाला ठरावीकच खर्च होत असेल, तर ३.२ तासांनी. फर्स्ट ऑर्डर असेल, म्हणजे जेवढा शिल्लक तेवढ्या प्रमाणात खर्च, तर साधारण ४.६ तासांनी. सेकंड ऑर्डर असेल, म्हणजे शिल्लकीच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च, तर ८ तासांनी. आता पावडर दुप्पट करा, २ मिलिग्रॅमपासून सुरू करा. झीरो ऑर्डरमध्ये ४ तास जास्त मिळतात, फर्स्टमध्ये २, आणि सेकंडमध्ये एकच. पावडर तेवढीच, टाकी तीच, आणि उत्तरं चार, दोन, एक. गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरात संध्याकाळी पाणी पोहोचतं तेव्हा त्यात क्लोरीन उरतो की नाही, हे या आकड्यावर ठरतं. मग ऑर्डर आपण लादतो, असं कसं म्हणता? ती काय आहे, हे शोधावंच लागेल.

साशंक : हिशेब सुरेख आहे. पण याच हिशेबाचं दुसरं टोक पाहा. पहिल्या तासाला तुमच्या तिन्ही ऑर्डर काय सांगतात? झीरो ०.७५, फर्स्ट ०.७१, सेकंड ०.६७. ओटीच्या छटांवर हे तिन्ही आकडे एकच आहेत. दुसऱ्या तासाला तर तिघांनाही तुम्ही ०.५ वर आणून बसवलंय. म्हणजे पहिल्या दोन तासांत कितीही रीडिंगं घेतली, तरी ऑर्डर कळणार नाही. आणि आमच्याकडे रीडिंग घेतलं जातं ते एकच, अर्ध्या-एक तासाचं. एका बिंदूतून हवी ती रेघ जाते. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी रजिस्टरमध्ये पडून आहेत आणि त्यातून कोणतीही ऑर्डर निघत नाही. तुमचं शास्त्र जिथं बोलायला लागतं, तिथवर आमची माहिती जातच नाही.

आग्रही : अगदी मर्मावर बोट ठेवलंत. ऑर्डर सुरुवातीला दिसत नाही, शेपटाला दिसते. चौथ्या तासाला झीरोचा क्लोरीन संपलेला असतो, फर्स्टचा ०.२५ असतो, सेकंडचा ०.३३. आठव्या तासाला फर्स्ट ०.०६ वर आणि सेकंड ०.२ वर. एवढा फरक ओटीच्या भरड छटांनाही कळतो. म्हणून निम्मा क्लोरीन संपेपर्यंतचीच माहिती असेल, तर ऑर्डर काढायचा मोह टाळायचा. दोन-तीन अर्धायुष्यांच्या पलीकडे जायचं. आणि एवढ्यावरही थांबायचं नाही, सुरुवात बदलायची. व्हान्ट हॉफ यांनी १८८४ साली रासायनिक गतीवर ग्रंथ लिहिला, त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच : वेगवेगळ्या संहतींपासून सुरू करून पाहा. झीरो ऑर्डरमध्ये सुरुवात दुप्पट केली की अर्धायुष्य दुप्पट होतं. फर्स्टमध्ये ते हलत नाही. सेकंडमध्ये निम्मं होतं. त्यासाठी लॉगही लागत नाहीत. दोन बादल्या, एकाच विहिरीचं पाणी, एकीत पावडरीचं द्रावण एक माप, दुसरीत दोन मापं, आणि दोन्हींत निम्मा व्हायला किती वेळ लागला ते पाहायचं.

साशंक : दोन बादल्यांचा प्रयोग आम्ही करून पाहिलाय, म्हणून त्याबद्दल बोलते. जून संपता संपता, पहिल्या पावसानंतरचं पाणी. मेळघाटात उन्हाळ्यात सागाची पानं गळून जमिनीवर थर साचतो. पहिला जोराचा पाऊस झाला की त्या पानांचा रंग, माती, शेणखत, सगळं ओढ्यांतून सिपना नदीकडे येतं आणि उघड्या विहिरींतही उतरतं. त्या पाण्यात एक माप टाकलं, तर क्लोरीन पहिल्या काही मिनिटांतच जवळजवळ नाहीसा झाला. दोन मापं टाकली, तर आधी तसाच झपाट्यानं उतरला, मग एका ठिकाणी येऊन थबकला आणि तासन्‌तास रेंगाळला. सुरुवात दुप्पट केल्यावर अर्धायुष्य दुप्पटही झालं नाही, तेवढंच राहिलं नाही, निम्मंही झालं नाही. ते कितीतरी पटींनी वाढलं. तुमच्या झीरो, फर्स्ट, सेकंडपैकी हे कुठं बसवायचं? मायनस ऑर्डर म्हणायचं का?

आग्रही : त्या आकड्यांवर सूत्र डोळे मिटून लावलं तर ऋण ऑर्डरच येईल, आणि ती खोटी असेल. पाण्यात काय चाललंय ते पाहू. क्लोरीन आपोआप संपत नाही. त्याला खाणारे पदार्थ पाण्यात असतात : पानांतले टॅनिनसारखे पदार्थ, लोह, अमोनिया, सडका कचरा. वेग क्लोरीनवर अवलंबून असतो, तसाच या खाणाऱ्यांवरही असतो. एक माप टाकलं तेव्हा खाणारे जास्त होते आणि क्लोरीन कमी, म्हणून तो संपला. दोन मापं टाकली तेव्हा चटकन खाणारे आधी संपले. उरले ते आळशी. जगभरच्या नळयोजनांत हेच आढळलंय. क्लोरीनची मात्रा वाढवली की त्याचा मोजलेला वेगस्थिरांक घटतो, आणि एकदा क्लोरीन दिलेल्या पाण्यात पुन्हा दिला तर दुसऱ्या खेपेला तो हळू उतरतो. खरीखुरी फर्स्ट ऑर्डर असती, तर वेगस्थिरांकाला मात्रेशी काही देणंघेणं नसतं. म्हणून चटकन खाणारे आणि हळू खाणारे असे दोन गट धरून हिशेब मांडण्याची रीत पडली. तुमच्या बादलीनं ऑर्डर खोटी पाडली नाही ताई, एकाच घटकाच्या ऑर्डरवर सगळं पाणी तोलता येत नाही, एवढं दाखवलं.

साशंक : हे म्हणजे आकडे बसेनात तेव्हा नवे घटक आणणं झालं. एका गटानं जमलं नाही तर दोन, दोनांनी नाही तर तीन. पुरेसे गट घेतले तर कोणताही वक्र बसतो. मग त्यात शोधलं काय?

आग्रही : गट वाढवत नेले तर काहीच शोधलं नाही, हे बरोबर आहे. म्हणून एक कसोटी लावायची. एकाच प्रयोगात वेळ जाईल तशी संहती उतरते, त्यावरून एक ऑर्डर निघते. वेगवेगळ्या सुरुवातींच्या अगदी आरंभीच्या वेगांवरून दुसरी निघते. साध्या अभिक्रियेत दोन्ही सारख्या येतात. त्या वेगळ्या आल्या, तर वेळेबरोबर आणखी काहीतरी बदलतंय, असा त्याचा अर्थ. कुणीतरी संपतंय किंवा तयार झालेला पदार्थ आडवा येतोय. तुमच्या जूनच्या पाण्यात हीच तफावत आहे. नवा गट मी मनानं आणला नाही, तो या तफावतीनं मागून घेतला. प्रयोगशाळेत आम्ही ही अडचण युक्तीनं टाळतो, एक सोडून बाकी सगळे पदार्थ भरमसाठ ठेवतो. मिथिल ॲसिटेटच्या प्रयोगात पाणी इतकं असतं की ते कमी झाल्याचं जाणवतच नाही. म्हणून दोन घटकांची अभिक्रिया फर्स्ट ऑर्डर असल्यासारखी दिसते. १८५० साली विल्हेल्मी यांनी आम्लातल्या साखरेचं विघटन ध्रुवणमापीनं मोजलं आणि वेगाचं पहिलं गणित मांडलं, तेही याच सोयीवर उभं होतं.

साशंक : तुमच्या नळीत काय भरमसाठ आहे ते तुम्ही ठरवता. इथे ते ऋतू ठरवतो. एप्रिलमध्ये बोअरचं स्वच्छ पाणी असतं. खाणारे थोडे, क्लोरीन त्या मानानं भरपूर, आणि तो इतका हळू उतरतो की दिवसभरात वक्रच दिसत नाही. जूनमध्ये खाणारे भरमसाठ. पोळ्याच्या सुमाराला मधलंच काहीतरी, दोघंही तोडीस तोड. म्हणजे त्याच टाकीची, त्याच पावडरीची ऑर्डर महिन्यागणिक बदलते. जी गोष्ट महिन्यागणिक बदलते तिला पदार्थाचा गुणधर्म कसं म्हणायचं?

आग्रही : पदार्थाचा गुणधर्म मी म्हटलंच नाही. ऑर्डर समीकरणाकडे पाहून ठरत नाही, ती प्रयोगातूनच येते. हे पहिल्या तासाला सांगतात आणि परीक्षेपर्यंत विसरलं जातं. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचं समीकरण लिहिताना त्याचे दोन रेणू लिहावे लागतात. पण १९२१ मध्ये डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी मोजलं तेव्हा ऑर्डर एक आली. ॲसिटोन आणि ब्रोमीनची अभिक्रिया लॅपवर्थ यांनी १९०४ मध्ये तपासली. वेग ब्रोमीनवर अवलंबूनच नाही, असं निघालं. ब्रोमीन जास्त टाका, कमी टाका, वेग तोच. त्याचा अर्थ असा, की वेग ठरवणारी खरी पायरी ब्रोमीन येण्याच्या आधीच घडून गेलेली असते. ॲसिटोनचा रेणू आधी रूप बदलतो, त्यालाच वेळ लागतो आणि ब्रोमीन फक्त वाट पाहत असतो. ही पायरी डोळ्यांनी कुणी पाहिली नव्हती. वेगाच्या आकड्यांनी ती उघड केली. हे वाचलं तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून उतरलेला नाही. काचेच्या नळीत आत काय घडतंय ते बाहेरून, घड्याळ आणि रंग यांवरून ओळखता येतं, याहून मोठं काय असतं?

साशंक : मग त्याच विषयातला दुसरा दाखला मी देते. हायड्रोजन आणि आयोडीन. बोडेनस्टाइन यांनी १८९० च्या दशकात फार काळजीपूर्वक मोजमाप केलं. ऑर्डर नीटस दोन आली. एक हायड्रोजनला, एक आयोडीनला. सगळ्यांनी मानलं, की एक रेणू दुसऱ्यावर आदळतो आणि काम होतं. पुस्तकांतून सत्तर वर्षं हाच दाखला शिकवला गेला. मग १९६७ मध्ये सुलिव्हन यांनी प्रकाशाच्या साहाय्यानं प्रयोग केले आणि आयोडीनचे अणू सुटे होऊन अभिक्रिया घडते, या मार्गाकडे पुरावा वळला. तरीही ऑर्डर तीच, दोन. आकडे चुकले नव्हते, त्यांच्यावरून आत काय घडतंय ते सांगणारे चुकले. लॅपवर्थना आकड्यांनी खरं सांगितलं आणि बोडेनस्टाइनच्या वाचकांना फसवलं, हे आधी कसं ओळखायचं?

आग्रही : आधी ओळखता येत नाही. ऑर्डरवरून मार्ग सिद्ध होत नाही, एवढंच ठरतं, की कोणते मार्ग बाद झाले. ॲसिटोनच्या बाबतीत ब्रोमीन पहिल्या संथ पायरीत असल्याचा मार्ग बाद झाला. हायड्रोजन-आयोडीनमध्ये दोन मार्ग उरले होते आणि लोकांनी सोपा निवडला. दोष निवडीचा होता. पण तुमचा मुद्दा मी सोडून देत नाही. एकदा ऑर्डर पूर्णांकात आली की माणूस पुढचा विचार थांबवतो. दीड किंवा ०.८६ आली असती तर कदाचित थांबला नसता.

साशंक : ०.८६ कुठून आणलात? तो आकडा मला ओळखीचा वाटतो.

आग्रही : तुमच्याच क्षेत्रातला आहे. १९०८ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक यांनी जंतुनाशकानं जंतू कसे मरतात ते मोजलं. ठरावीक वेळात उरलेल्या जंतूंचा ठरावीक हिस्सा मरतो, म्हणजे फर्स्ट ऑर्डरसारखंच. त्याच वर्षी हर्बर्ट वॉटसन यांनी पुढचा प्रश्न घेतला : जंतुनाशक पातळ केलं तर वेळ किती वाढवावा लागतो? संहतीचा एक घातांक आणि वेळ यांचा गुणाकार स्थिर राहतो, असं त्यांना दिसलं. हा घातांक म्हणजे जंतुनाशकापुरती ऑर्डरच. तो फिनॉलसाठी सहाच्या आसपास येतो, मर्क्युरिक क्लोराइडसाठी एकच्या आसपास. फिनॉल निम्मं पातळ केलं तर वेळ दुप्पट करून भागत नाही, चौसष्टपट करावा लागतो. क्लोरीन आणि ई. कोलायसाठी जुन्या मोजमापांतून ०.८६ निघाला. तो जवळपास एक आहे, हे आपलं भाग्य. म्हणून टीसीएल थोडी कमी पडली तर थोडा जास्त वेळ दिल्यावर काम होतं. क्लोरीनचा घातांक फिनॉलसारखा सहा असता, तर गावातल्या जलसुरक्षकाच्या मापातली छोटीशी चूकसुद्धा जीवघेणी ठरली असती. अर्धा तास संपर्कवेळ पाळा, असं आपण सांगतो; त्या सूचनेच्या पोटात एक ऑर्डर बसलेली आहे.

साशंक : इथे मात्र मी गप्प बसणार नाही. चिक यांची सरळ रेघ मला पाठ आहे, तिचं शेपूटही माहीत आहे. जंतू म्हणजे रेणू नव्हेत, सगळे सारखे नसतात. काही चिवट असतात, काही चिखलाच्या कणात दडलेले असतात, काही गठ्ठ्यानं चिकटलेले. ९९ टक्के रेघेवर मरतात आणि उरलेले रेघ सोडून रेंगाळतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात ते दिसत नाहीत, गढूळ पाण्यात दिसतात. आणि माणूस आजारी पडतो तो त्या उरलेल्यांनीच. जुलै २०२२ मध्ये आपल्याच चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला कॉलरा पसरला. लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. माणसं गेली. त्या पाण्याची ऑर्डर एक होती की दीड, यानं तिथं काय फरक पडला असता? क्लोरीन पोहोचलाच नव्हता.

आग्रही : जिथं क्लोरीन पोहोचलाच नाही तिथं माझं शास्त्र मुकं आहे, त्या माणसांपुढे आलेख घेऊन उभं राहायची माझी हिंमत नाही. पण तिथून पुढचं काय? क्लोरीन द्यायचं ठरवलं की किती, हा प्रश्न लगेच उभा राहतो. शेपटाची भीती आहे म्हणून पावडर भरपूर ओतायची, असं कुणी म्हणेल...

साशंक : ...आणि मग लोक ते पाणी टाकून देतील. हे मी रोज पाहते. वास आला की कोरकू बाया हंडा घेऊन नदीकाठच्या झिऱ्याकडे वळतात. झिऱ्याचं पाणी गोड लागतं, थंड असतं, आणि त्यात क्लोरीन शून्य. कमी टाकली तरी धोका, जास्त टाकली तरी धोका. म्हणूनच मी म्हणते, तुमचं भाकीत बाजूला ठेवा. शेवटच्या नळाला रोज ओटी घ्या, पिवळं आलं तर ठीक, नाही आलं तर दुसऱ्या दिवशी थोडी वाढवा. पाण्यालाच विचारा. ऑर्डर लागतेच कशाला?

आग्रही : शेवटच्या नळाचं रीडिंग मी कधीच सोडणार नाही. पण ते आजचं सांगतं. रात्री पाऊस झाला तर उद्याची मात्रा आजच्या रीडिंगवर कशी ठरवाल? एक दिवस चुकेल, आणि चुकण्याचा दिवस नेमका पहिल्या पुराचाच असेल. भाकीत करायचं तर क्लोरीन कशा रीतीनं उतरतो ते कळलंच पाहिजे. आणि रीडिंग घेणं इतकं निर्मळही नसतं. ऑर्थोटोलिडीन टाकल्यावर पहिल्या दहाएक सेकंदांत जो रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटं थांबलात तर अमोनियाशी जोडलेला क्लोरीनही त्यात मिसळतो. नळी हातात धरून कुणी गप्पा मारल्या की आकडा वाढतो. जोडलेला क्लोरीन हळू उतरतो, जंतूही हळू मारतो. आठव्या तासाला उशिरा वाचलेल्या रंगामुळे शेपूट लांबलेलं दिसेल, तुम्ही त्याला सेकंड ऑर्डर म्हणाल आणि पाणी सुरक्षित समजाल. लोह किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही पिवळं येतं.

साशंक : म्हणजे तुम्हीच माझी बाजू मांडलीत. जिथं ऑर्डर ठरते त्या शेपटातच मोजमाप सगळ्यात कच्चं. आणि तुमचे आलेख ती कच्ची रीडिंगं आणखी डोक्यावर घेतात. सेकंड ऑर्डरसाठी तुम्ही संहतीचा व्यस्त काढता. ०.१५ ला ०.१ वाचलं तर व्यस्त ६.७ चा १० होतो. एका छटेच्या चुकीनं रेघेचं टोकच उचललं जातं. मग संगणक सांगतो, आर-स्क्वेअर ०.९८, फर्स्टचा ०.९७, म्हणून सेकंड जिंकली. दोन निरनिराळ्या फुटपट्ट्यांवर मोजलेले गुण एकमेकांशी ताडायचे आणि निकाल जाहीर करायचा. प्रकल्प-अहवालांत हे मी किती वेळा वाचलंय.

आग्रही : ही चूक मी विद्यार्थ्यांच्या वहीतही पाहतो आणि छापील शोधनिबंधांतही. त्यावर उपाय आहे. रूपांतर न करता मूळ संहती आणि वेळ यांवरच तिन्ही वक्र बसवायचे आणि प्रत्येकाची उरलेली चूक पाहायची. चूक कधी वर, कधी खाली अशी विखुरलेली असेल तर वक्र चालेल. आधी सगळ्या चुका वर, मग सगळ्या खाली, मग पुन्हा वर अशा येत असतील, तर आर-स्क्वेअर कितीही गोंडस असो, ऑर्डर चुकली आहे.

साशंक : आणि तापमान? मे महिन्यात टाकीवर दिवसभर ऊन असतं. सकाळी पाणी गार, दुपारी तापलेलं. वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, असं तुम्हीच शिकवता. मग दुपारी क्लोरीन भरभर उतरला, तर तो ऑर्डरमुळे की उन्हामुळे? झाकण उघडं असेल तर सूर्यप्रकाशही क्लोरीन मोडतो. सहा तासांत तुमचा वेगस्थिरांक स्थिर राहिलेलाच नसतो, आणि तुम्ही वक्राच्या बाकावरून ऑर्डर वाचताय.

आग्रही : म्हणून टाकीत मोजायचं नाही. टाकीतलं पाणी गडद काचेच्या बाटल्यांत भरायचं, काठोकाठ, बूच घट्ट. बाटल्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या आणि दर खेपेला नवी बाटली उघडायची. तापमान पूर्ण स्थिर राहणार नाही, पण थर्मामीटरनं ते टिपता येईल. ही बाटलीची ऑर्डर.

साशंक : बाटलीची ऑर्डर नळात चालत नाही. नळाच्या आतल्या गंजानं आणि शेवाळानं खाल्लेला क्लोरीन बाटलीत दिसणार नाही.

आग्रही : नाहीच दिसणार, आणि मला तेच हवंय. बाटलीत इतक्या तासांत किती उतरला आणि तेवढाच वेळ नळातून प्रवास केलेल्या पाण्यात किती उतरला, यातला फरक म्हणजे नळानं खाल्लेला क्लोरीन. तो दुसऱ्या कोणत्या मार्गानं सहज कळत नाही. माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्रा. एम. एम. शर्मा यांनी हीच दिशा वेगळ्या कामासाठी वापरली. कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषला जाण्याची गती आधी पक्की माहीत करून घ्यायची, अल्कली भरपूर ठेवून ती फर्स्ट ऑर्डरसारखी वागवायची, आणि मग तिच्यावरून वायू आणि द्रव यांच्यातल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजायचं. एकदा नीट ठरवलेली ऑर्डर ही पुढच्या मोजमापाची फुटपट्टी होते.

साशंक : नीट ठरवलेली. या दोन शब्दांवर सगळं येऊन थांबतं. आता माझं म्हणणं नेमकं सांगते. ऑर्डर निरर्थक आहे, असं मी म्हणत नाही. या पाण्यात ती ठरावीक मर्यादेत बसणारा घातांक आहे : या महिन्यातल्या, या मात्रेच्या, या तापमानाच्या आकड्यांना बसलेला. ती मर्यादा सांगितल्याशिवाय ऑर्डर सांगणं म्हणजे गावकऱ्यांना फसवणं. तुम्ही त्यात आतली पायरी शोधता. सेमाडोहच्या जूनच्या पाण्यात एक पायरी नाही, शेकडो आहेत.

आग्रही : मर्यादा सांगायची, हे मला मान्य. पण ती घातांकाची बेरीज-वजाबाकीच आहे, हे मला अजूनही मान्य नाही. दोन मापांच्या बादलीतला क्लोरीन थबकला, तेव्हा पाण्यात दोन जातींचे खाणारे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या वक्रानं. मर्यादा ओलांडल्यावर घातांक जिथं मोडतो, तिथंच नवी माहिती असते. तुम्ही त्याला अपयश म्हणता, मी शोध म्हणतो. यावर आपलं आज एकमत होणार नाही.

साशंक : नाही होणार. तरी एवढं तरी करू. येत्या पावसाळ्याच्या पहिल्या पाण्यावर दोन मात्रांनी सुरुवात करायची. रीडिंग ०.२ वर आलं की हात धुऊन निघायचं नाही, त्याच्या खालीही आणखी दोन घ्यायची, रंग दहा सेकंदांत वाचून. शेजारी तापमान लिहायचं. दोन माणसांनी एकमेकांना न सांगता छटा जुळवायची, आणि दोन्ही आकडे वहीत राहू द्यायचे, सरासरी काढून एक करायचे नाहीत.

आग्रही : आणि टीसीएलचं पोतं ज्या दिवशी उघडलं ती तारीख पोत्यावर खडूनं लिहायची. उघड्या, ओलसर जागी ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीनही रोज कमी होत असतो. सुरुवातीला किती होता तेच माहीत नसेल, तर पुढच्या कोणत्याही रेघेला अर्थ नाही.